पांढरं लुगडं

सरकून बसा जरा. आणि ते मोबाईल खिशात ठेवा, तोंडावर उजेड पडला की ऐकणाऱ्याचं लक्ष राहत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपण भूत मानत नाही. माझ्या आज्याने दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडले, तेव्हा भुतंसुद्धा त्यांच्याच टोपलीतून गेली, असं तो हसून सांगायचा. तीस वर्षं मी शाळेत पोरांना हेच शिकवलं. म्हणून आज जे सांगतोय त्याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, मी नाव देणार नाही. मला हे भारत ओव्हाळने सांगितलं. भारत खोटं बोलणारा माणूस नाही. एकदाच बोलला, तेही गप्प राहून. ते येईल पुढे.

शनिवार होता. सप्टेंबरची सत्तावीस तारीख, साल दोन हजार पंचवीस. बोरखेडीचा वायरमन भारत ओव्हाळ संध्याकाळी पाचच्या सुमाराला मोटरसायकल काढून गेवराईला निघाला. काम साधंच होतं. दुधाच्या पावडरीची पाकिटं, बिस्किटांची दोन खोकी, डासांच्या अगरबत्त्या आणि बॅटरीचे सेल. विहारात एकवीस लेकरं मुक्कामाला होती आणि लेकरांना रात्री दूध लागतं.

ही लेकरं धनगरवस्तीवरची. त्या सोमवारी रात्री सिंदफणा वस्तीत शिरली. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी, मेंढरं पुढे घालून, माळावर पळाली. माळावर झाड नाही, छप्पर नाही, वरून पाऊस चालूच. मेंढरं सोडून गावात यावं तर ती कुणाच्या भरवशावर सोडायची? आणि लेकरं तिथं ठेवावीत तर दोन दिवसांत तापाने फणफणतील. शाळेत गुडघाभर पाणी. मग राहिला कोण, तर आपला विहार. आपली वस्ती गावाबाहेर, खडकाळ टेकाडावर. जिथं काही उगवत नाही ती जागा आपल्या वाट्याला आली, हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या आठवड्यात अख्ख्या गावाला त्या टेकाडाचा हेवा वाटला.

वर्षावासाचे पावसाळी तीन महिने चालू होते. रोज संध्याकाळी बायका पांढरी लुगडी नेसून ग्रंथवाचनाला यायच्या. त्यांनी ग्रंथ मिटून ठेवला आणि पदर खोचला. भारतची बायको दीपमाला हिने पाळ्या लावून दिल्या. दिवसा चौघी, रात्री दोघी. आसपासच्या गावांतूनही उपासिका यायच्या. नावं सगळ्यांची सगळ्यांना ठाऊक नव्हती, पण पांढरं लुगडं दिसलं की ती आपली, हे लेकरांनासुद्धा दोन दिवसांत कळलं. मोठं नाठाळ पोर रडायला लागलं तरी जे पांढरं दिसेल त्याला जाऊन बिलगायचं.

संध्याकाळी वंदना व्हायची तेव्हा ही धनगरांची पोरं हात जोडून त्रिसरण म्हणायची. एका दमात पाठ केलं त्यांनी. शेवटी एखादं पोरगं हळूच ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ लावून द्यायचं आणि सगळी हसायची. बायकाही हसायच्या. कुणी कुणाला अडवलं नाही. चांगले दिवस होते म्हणावं, तर बाहेर नदी होती.

आता मंगळवारचं सांगायला हवं, म्हणजे शनिवारचं कळेल.

मंगळवारी सकाळी माळावरच्या आया लेकरं घेऊन विहारात आल्या. आठ-नऊ जणी असतील. नखशिखांत भिजलेल्या, दात वाजत होते. दीपमाला तेव्हा माळावर दूध घेऊन गेली होती. विहारात मोठा माणूस एकटा भारत, आणि म्हातारी सिंधुबाई लेकरांचं अंग पुसत बसलेली. भारतने इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात एक गठ्ठा होता. आश्विन पौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी शहरातल्या उपासिकांनी पाठवलेली नवी कोरी लुगडी. त्याने सुतळी तोडली आणि एकेक घडी त्या बायांच्या पुढे केली.

पांढरी.

आपल्याकडे पांढरं म्हणजे मंगल. आपल्या लग्नात नवरीसुद्धा पांढऱ्यात उभी राहते. भारत त्यातच वाढला, त्याच्या डोक्यात दुसरं आलंच नाही. पण त्यांच्यात कपाळावर कुंकू असलेल्या बाईपुढे पांढरं लुगडं धरणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला रांडाव म्हणणं. बायांचे हात मागे गेले. एकीने तोंड फिरवलं.

त्यात साखराबाई होती. तिचा नवरा धुळाजी सोमवारी दुपारीच साठ मेंढरं घेऊन नदीपलीकडे गेलेला. रात्री पाणी आलं, तेव्हापासून त्याचा ठावठिकाणा नव्हता. ती त्या लुगड्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “माझा मालक जिता हाय, दादा.”

भारतला अजूनही उमगलं नाही. तो म्हणाला, “व्हय की ताई. कोरडं हाय, घ्या. आमच्यात पांढरं चांगलंच असतंय.”

बाकीच्या बायांनी नाही घेतलं, लेकरं ठेवून तशाच भिजलेल्या माळावर परतल्या. साखराबाईने मात्र घेतलं. घडी काखेत मारली. सहा वर्षांची तिची पोर, अंजू, सतरंजीवर बसलेली होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सिंधुबाईला म्हणाली, “आई, पोरीला बगा. मी त्यास्नी बगून येते.”

सिंधुबाईला वाटलं, माळावर चालली. ती नदीकडे गेली. परत आली नाही.

रात्री दीपमालाला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. “कावून दिलं तुमी? इचारायचं तरी त्यांना.”

“कोरडं होतं म्हून दिलं,” भारत म्हणाला.

“तिच्या मनात काय आलं आसंल?”

चांगलं करायला गेला होता बिचारा. पण चांगलं करायला गेलेल्या माणसाला जास्त लागतं, कारण त्याला स्वतःवर नीट चिडताही येत नाही. बुधवारी दिवसभर तो चार माणसं घेऊन काठाकाठाने फिरला. बाभळीला अडकलेली चिंधी दिसली तरी तो चिखल तुडवत तिथवर जाऊन यायचा. पण साखराबाई नाही, लुगडं नाही, काहीच सापडलं नाही.

आणि गुरुवारी फोन वाजला. धुळाजी बोलत होता. पलीकडच्या गावात एका मळ्यात अडकला होता, स्वतःचा फोन पाण्यात गेला, म्हणून उसना घेतलेला. मेंढरं निम्मी गेली, पण गडी धडधाकट होता.

भारतने त्याला सांगितलं, तुमची घरवाली तुम्हाला शोधायला गेली ती आली नाही. पोर आमच्याकडे आहे, खुशाल आहे. एवढं सांगितलं. लुगड्याचं नाही सांगितलं. न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं त्याने मनाला समजावलं. पण रोज पाच शीलं म्हणणाऱ्या माणसाला हे समजावणं अवघड असतं. त्या संध्याकाळी वंदनेत ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे खोटं बोलणार नाही, हे शील आलं आणि त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

फोनवर धुळाजी एवढंच म्हणाला होता, “पाणी वसरलं की येतो. पोरीला तेवडं संबाळा, भाऊ. आता तेवडीच हाय.”

शनिवारी त्याचा निरोप आला, रविवारी सकाळी येतोय. आता भारतचा जीव कशात अडकला होता ते तुमच्या ध्यानात आलं असेल. ज्या माणसाची बायको आपल्या हाताने गेली असं त्याला वाटत होतं, त्या माणसाची पोर सकाळी त्याच्या हातात सुखरूप द्यायची. एवढं एक. म्हणून त्याने त्या रात्री पाळी नसताना फाटकावर खुर्ची टाकली.

गेवराईहून तो साडेआठला परतला. लेकरांनी दूध प्यायलं. साडेनऊपर्यंत सगळी झोपली. ट्रान्सफॉर्मर पाण्याखाली होता, त्यामुळे गावात वीज नव्हती. आत बुद्धमूर्तीपुढे एक मेणबत्ती आणि फाटकावर भारतची बॅटरी, एवढाच उजेड. आत सिंधुबाई आणि वनमाला नावाची शेजारच्या गावची उपासिका, अशा दोघी. दीपमाला घरी गेली, चार दिवस तिचा डोळा लागला नव्हता.

फाटकाचा नियम भारतनेच केलेला. रात्री एकही लेकरू आवाराबाहेर जाणार नाही. लघवीला जायचं असेल तर फाटकाबाहेर लगतच्या पडीक खोलीच्या मागे, तेही बरोबर उपासिका असेल तरच.

अकरा वाजले. बारा वाजले. पाऊस भुरभुरत होता. खाली नदीचा आवाज एकसारखा, धान्य दळल्यासारखा. मध्येच एखादं पोर झोपेत बरळायचं.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. भारतने तेव्हाच घड्याळ बघितलं होतं, म्हणून वेळ पक्की.

आतून पांढरं आलं.

विहाराच्या दारातून एक बाई निघाली आणि आवारातून फाटकाकडे आली. डोक्यावरून पदर, कपाळाच्या खाली ओढलेला. पाऊस होता, कुणीही ओढेल. हाताला अंजू. पोर अर्धवट झोपेत, अनवाणी. भारतला वाटलं, वनमालाताई. खुर्चीतून उठला, साखळी काढली आणि फाटक स्वतः उघडून धरलं.

“लघवीला का ताई? बॅटरी देऊ?”

बाईने मान हलवली. नाही म्हणून.

“चिखल हाय, जपून.”

त्या दोघी त्याच्यासमोरून गेल्या. हातभर अंतरावरून. त्याने फाटक लोटलं, साखळी तशीच ठेवली आणि पुन्हा खुर्चीवर बसला. आत-बाहेर सगळीकडे चिखल होता, चाललं की पचपच आवाज यायचा. अंजूच्या पावलांचा आवाज त्याला येत होता. पचपच, पचपच. दूर जाईपर्यंत येत होता.

एकीच्याच पावलांचा.

हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. पाच मिनिटं. सात मिनिटं. लघवीला जायची ती पडीक खोली डाव्या हाताला होती. आवाज उजवीकडे गेला होता. उजवीकडे रस्ता. रस्ता खाली नदीवर जातो.

तो उठला. आत गेला.

सिंधुबाई खांबाला टेकून बसली होती, तिला खोकल्याने झोप नव्हती. वनमाला आडवी होती, हातावर एक तान्हं पोर घेऊन. गाढ झोपलेली.

“वनमालाताई बाहेर गेलत्या का आता?”

“कुटं?” सिंधुबाई म्हणाली. “माझ्या डोळ्याम्होरं हाय ती. दहापासून हाललेली न्हाई.”

“मग तुमी?”

“मी हितंच हाय. का रं?”

“तिसरं कोण हाय आज?”

“तिसरं कुणी न्हाई. आमी दोघीच.”

भारतने बॅटरी फिरवली. लेकरं ओळीने झोपलेली. शेवटच्या सतरंजीवर, भिंतीकडे, एक गोधडी उलटी टाकलेली होती.

सिंधुबाई उठून उभी राहिली. “अंजू कुटं हाय?”

त्याने वाकून गोधडी उचलली. खाली नुसती सतरंजी.

“भारत. पोरगी कुटं हाय?”

“मी... मीच फाटक उघाडलं, आई.”

दीपमालाला उठवा, एवढंच तो बोलला आणि पळत सुटला.

बॅटरीत त्याच दिवशी आणलेले नवे सेल होते. उजेड चांगला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्यातला एखादा म्हणेल की अंधारात नीट दिसलं नसेल. रस्त्यावरचा गाळ ओला होता, लोण्यासारखा मऊ. त्यात पावलं उमटली होती. लहान. पाच बोटं सुद्धा दिसत होती. डावं, उजवं, डावं, उजवं.

शेजारी काही नव्हतं.

त्याने बॅटरी दोन्ही कडांना मारली. गवत होतं. गवत दबलेलं नव्हतं. पुन्हा मध्ये मारली. लहान पावलं, रस्त्याच्या कडेने नाही, अगदी मधोमध. कुणी बोट धरून नेल्यासारखी सरळ.

तो पळत होता आणि हाक मारत होता. “अंजू... ए अंजू...”

वळणावर त्याला पांढरं दिसलं. पुढे, शंभरेक पावलांवर. चाललं होतं. घाई नाही. भारत पळत होता, ते चालत होतं. अंतर तेवढंच राहिलं. तो थांबला, तेही थांबलं. तो हलला... तेही.

आपण भूत मानत नाही, असं तो मोठ्याने म्हणाला. स्वतःला ऐकू जावं म्हणून. आवाज वेगळाच निघाला. त्रिसरण म्हणायला गेला, तर रोजचे शब्द आठवेनात. लहानपणापासून पाठ असलेले.

मागे फिरायचं मनात आलं. त्याने ते माझ्यापासून लपवून ठेवलं नाही. आलं मनात. पण सकाळी धुळाजी येणार होता.

तो पुढे गेला.

खाली फरशी पूल. त्याच्यावरून पाणी वाहत होतं, गुडघाभर तरी असेल, गढूळ, वेगाने. पुलाच्या तोंडाशी अंजू उभी होती. पाणी तिच्या घोट्यांना लागत होतं. तिचा उजवा हात वर होता, खांद्याच्या वर. आईने बोट धरल्यावर पोराचा असतो तसा.

आणि तिच्या पुढे, पाण्यात...

भारतने बॅटरी तिकडे नेली नाही. हात उचललाच गेला नाही त्याचा. बॅटरीचा झोत अंजूच्या पाठीवर होता आणि पुढचं पांढरं झोताच्या बाहेर होतं. तरी दिसत होतं. पदर, खांदा. नव्या लुगड्याच्या घड्या सुद्धा दिसत होत्या. चौकोनी, मोडलेल्या नाहीत.

त्याला कळलं, ही कोण.

“ताई,” तो म्हणाला.

अंजूचं पाऊल पुढे पडलं. पाणी पोटरीला.

“ताई, थांबा.”

काही नाही. नदीचा आवाज.

“चूक माझी हाय. मला ठावं नव्हतं. आमच्यात तसं नसतंय... मी चांगल्यासाठी दिलं. तुमाला वाटलं आसंल, ह्याला काय तरी कळलंय. गावात बातमी आली आसंल. म्हून पांढरं देतोय. तसं काय नव्हतं, ताई. मला काय ठावं नव्हतं.”

अंजूचा हात वरच होता.

त्याचे गुडघे चिखलात टेकले. तो रडत होता, हे त्याला नंतर कळलं.

“ताई... धुळाजी जिता हाय.”

पाणी वाहत होतं.

“तुमचा मालक जिता हाय. मी बोललोय त्याच्यासंगं. गुरवारी. पल्याड मळ्यात होता. निम्मी मेंढरं बी हायत. सकाळी येतोय. पोरीला न्यायला. तुमी लुगडं नेसलंत... नेसू नका. जिता हाय त्यो.”

आणखी सांगायचं काही उरलं नव्हतं.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही. एक मिनिट असेल. नदीचा आवाज होता, पण लांबून आल्यासारखा. पांढरं हललं नाही. पुढे नाही, मागे नाही. मग त्याला वाटलं, ते वळलं. चेहरा दिसला नाही. दिसला असता तर मी आज तुम्हाला हे सांगत नसतो, असं तो म्हणतो.

अंजूचा हात खाली आला.

हळूच. सोडल्यासारखा.

भारतने झेप घेतली आणि पोरीला उचललं. वर बघितलं नाही. पाठ फिरवली आणि टेकाडाकडे चालायला लागला. पळायला सुद्धा भीत होता. पोरीने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले होते. तिचं अंग त्याच्या छातीला लागत होतं आणि ते गरम होतं. ताप भरला, असं त्याला वाटलं.

अर्ध्या वाटेत दीपमाला आणि चार माणसं कंदील घेऊन येताना दिसली. तिने पोरीला हातात घेतलं नाही, आधी नवऱ्याचं तोंड बघितलं. काही विचारलं नाही. शहाणी बाई.

विहारात आणून पोरीला मेणबत्तीजवळ बसवलं. दीपमालाने कपाळाला हात लावला. ताप नव्हता. अंग थंडगार होतं, पावसाने भिजलेलं. मग सिंधुबाईने तिचे हात पोटावरून बाजूला केले. फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी होतं.

ज्वारीची भाकरी. एकच. चांगली मोठी, पदर सुटलेली. एका बाजूला तव्याचे डाग. सिंधुबाईने बोट लावलं आणि बोट मागे घेतलं.

“गरम हाय,” ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल, गावात केली असेल कुणी. त्या आठवड्यात बोरखेडीत एकाही घरात भाकरी झाली नव्हती. ज्वारी कणग्यांत भिजून फुगली होती. चुली पाण्यात, सरपण पाण्यात, टेकाडावरच्या घरांतही सरपण ओलं. सगळा गाव विहाराच्या आवारात गॅसवर शिजवलेली खिचडी खात होता, त्यालाही पाच दिवस झाले होते. तरी दीपमालाने उजाडल्यावर घरोघर विचारलं. माळावरही माणूस पाठवून विचारलं. त्या पुलाच्या बाजूला तर एक घर उभं नव्हतं.

भारत पोरीपुढे बसला. “अंजू, ही कुणी दिली?”

“आयनं.”

“कवा?”

“आत्ता. पान्यापशी.” पोर जांभई देत होती. तिला कशाचीच भीती वाटत नव्हती. “आय म्हणली, मी न्हाई नेत तुला आता. बा येतोय. उपाशी आसंल. आला की दे.”

ती झोपली. बाकी कुणी झोपलं नाही. भाकरी बुद्धमूर्तीपुढे एका ताटलीत ठेवली, वर दुसरी ताटली पालथी घातली. त्या ताटलीकडे बघत सगळे बसून राहिले. सिंधुबाईने हळू आवाजात परित्राण पाठ सुरू केला. तिच्या पाठोपाठ बाकीच्यांनी म्हटला. भारतला शब्द आठवले.

धुळाजी साडेसातला आला. पलीकडून बोटीवाल्या जवानांनी सोडलं होतं. दाढी वाढलेली, धोतर चिखलाने कडक झालेलं, पायात एकच वहाण. अंजू पळत गेली आणि त्याच्या मांडीला बिलगली. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला, कुणाशी राम राम सुद्धा केला नाही.

मग भारत पुढे झाला. वर बघून, सगळ्यांसमोर, त्याने सगळं सांगितलं. आधी मंगळवारचं सांगितलं. गठ्ठा, सुतळी, लुगडं, ती काय म्हणाली, आपण काय म्हणालो. फोनवर हे का सांगितलं नाही तेही सांगितलं. मग रात्रीचं सांगितलं. काहीही गाळलं नाही. आवार भरलेलं होतं. दीपमालाने पदर तोंडाला लावला होता. धनगर गडी आहे, हातात काठी आहे, आता काय होतंय, असं सगळ्यांच्या मनात होतं. भारतने मान खाली घातली आणि वाट बघितली.

धुळाजीने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“तिनं घेतलं का त्ये लुगडं?” त्याने विचारलं.

“घेतलं.”

“काय बोलली?”

“बोलली, माझा मालक जिता हाय.”

धुळाजीने नदीकडे बघितलं. साखराबाई त्या दिवशीही सापडली नव्हती, नंतरही सापडली नाही. आज वर्ष होत आलं, ती कागदावर अजून बेपत्ताच आहे.

“भाकर कुटं हाय?” तो म्हणाला.

भारतने ताटली आणून त्याच्यापुढे ठेवली. धुळाजी विहाराच्या पायरीवर बसला, अंजूला मांडीवर घेतलं. वरची ताटली काढली. रात्रीचे दोन ते सकाळचे साडेसात, साडेपाच तास ती भाकरी तिथं होती. पाऊस होता, गारठा होता, फरशी थंड होती.

त्याने दोन्ही हातांनी भाकरी मोडली. आतून वाफ निघाली.